४ जीबीचा व्हिडिओ, ४ बाइटची दुरुस्ती: टर्मक्समधून मोठ्या फाइलमधले मोजकेच बाइट कसे बदलायचे?

कार्यक्रम संपतो, सगळे जेवायला बसतात आणि कुणीतरी फोन उघडून रेकॉर्डिंग लावतं. बघतात तर काय, सगळी मंडळी छताला लटकलेली! व्हिडिओ पूर्ण उलटा. आवाज व्यवस्थित, क्लॅरिटी व्यवस्थित, फक्त डोकं खाली आणि पाय वर. तुमच्यासोबत झालं नसेल तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर कुणासोबत तरी नक्की झालं असेल.

यावर पहिला सल्ला मिळतो तो "एखादं व्हिडिओ एडिटर ॲप टाक आणि रोटेट कर." छोट्या क्लिपसाठी ठीक आहे. पण माझ्या एका मैत्रिणीच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ होता अर्ध्या तासाचा, ३.८७ जीबीचा. फोनमध्ये जागा उरलेली ९०० एमबी. लॅपटॉप जवळ नाही, गावात नेटवर्क यथातथाच, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. एडिटर ॲप काय करतं? अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करून नवी फाइल बनवतं. म्हणजे आणखी काही जीबी जागा हवी, फोन तापणार, वेळ जाणार आणि वर क्वालिटी थोडी कमी होणार.

गंमत अशी की त्या ३८७ कोटी बाइटपैकी चुकीचे होते फक्त ४. ते ४ बाइट जागच्या जागी बदलले की काम झालं. नवी फाइल नको, एन्कोडिंग नको, जास्तीची जागाही नको. हे फोनवरच, कमांड लाइनमधून कसं करायचं ते आज बघू. उदाहरण व्हिडिओचं असलं तरी पद्धत कुठल्याही मोठ्या बायनरी फाइलला लागू पडते.

व्हिडिओ उलटा होतो म्हणजे नक्की काय होतं?

फोन तुम्ही कसाही धरा, कॅमेऱ्याचा सेन्सर आत एकाच दिशेने बसवलेला असतो. त्यामुळे फोन उभा धरला तरी चित्र बहुतेक वेळा आडवंच साठवलं जातं. फोन फक्त फाइलमध्ये एक टीप लिहून ठेवतो: "हे दाखवताना ९० अंश फिरव" किंवा "१८० अंश फिरव" किंवा "आहे तसं दाखव". प्लेअर ती टीप वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र फिरवून दाखवतो.

टीप कोणती लिहायची हे फोन गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या सेन्सरवरून ठरवतो, आणि साधारणपणे रेकॉर्डिंग सुरू होतं त्या क्षणी. तेव्हा फोन टेबलावर सपाट असेल किंवा खाली झुकलेला असेल तर वरची बाजू कुठली हे सेन्सरला धड कळत नाही. मग चुकीची टीप लिहिली जाते आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत तीच राहते. पुढे अर्धा तास तुम्ही फोन अगदी सरळ धरलात तरी.

म्हणजे चित्रात बिघाड नाहीये. बिघाड आहे तो टिपेत.

ही टीप फाइलमध्ये कुठे असते?

एमपी४ फाइल म्हणजे एकापाठोपाठ एक ठेवलेले डबे. प्रत्येक डब्याच्या सुरुवातीला ४ बाइटमध्ये त्याची लांबी आणि पुढच्या ४ बाइटमध्ये त्याचं नाव. 'एमडॅट' नावाच्या डब्यात खरा माल, म्हणजे चित्र आणि आवाज. 'मूव्ह' नावाच्या डब्यात सगळी माहिती: किती फ्रेम आहेत, कुठली फ्रेम फाइलमध्ये कितव्या बाइटला सुरू होते, वगैरे. फोनने रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये 'मूव्ह' बहुतेक वेळा शेवटी असतो, कारण रेकॉर्डिंग संपेपर्यंत फ्रेम किती होणार हे फोनलाच माहीत नसतं.

'मूव्ह'च्या आत प्रत्येक ट्रॅकचा एक डबा, आणि त्याच्या आत 'टीकेएचडी', म्हणजे ट्रॅक हेडर. व्हिडिओच्या ट्रॅकचं एक, आवाजाच्या ट्रॅकचं एक. आपली टीप या टीकेएचडीमध्ये आहे. हा डबा साधारणपणे अवघ्या ९२ बाइटचा असतो. (याच डब्यात व्हिडिओ कधी बनवला ती वेळही असते, आणि ती १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात. एमपी४चा साचा ॲपलच्या क्विकटाइमवरून आलाय आणि जुनी मॅकिंटॉश मशीन तिथूनच वेळ मोजायची, त्याचा हा अवशेष.)

टीप "१८० अंश" अशा शब्दांत नसते. तिथे ९ आकड्यांचा एक मॅट्रिक्स असतो, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. घाबरू नका, आपल्याला त्यातले दोनच आकडे बघायचे आहेत: पहिला आणि पाचवा. पहिला आडव्या दिशेचा गुणक, पाचवा उभ्या दिशेचा. दोन्ही १ असतील तर चित्र आहे तसं दिसतं. दोन्ही उणे १ केले तर डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही पालटतं, म्हणजेच चित्र १८० अंश फिरतं.

या पद्धतीत १ हा आकडा ०० ०१ ०० ०० असा लिहितात आणि उणे १ हा एफएफ एफएफ ०० ०० असा. शेवटचे दोन बाइट दोन्हीकडे सारखेच. म्हणजे प्रत्येक आकड्यात २ बाइट बदलायचे, आणि आकडे दोन. झाले ४ बाइट.

बदलायचं, घुसवायचं नाही

पुढे जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फाइल म्हणजे नाट्यगृहातल्या नंबर घातलेल्या खुर्च्या समजा. ४५ नंबरच्या खुर्चीवरचा माणूस उठवून तिथे दुसरा बसवणं सोपं आहे, बाकी कुणाला हलावं लागत नाही. पण ४५ आणि ४६ च्या मध्ये नवीन माणूस घुसवायचा म्हटलं तर पुढच्या सगळ्यांना एक-एक खुर्ची सरकावं लागेल. ४ जीबीच्या फाइलमध्ये "पुढचे सगळे" म्हणजे कोट्यवधी बाइट. शिवाय 'मूव्ह' डब्यात फ्रेमचे पत्ते बाइटच्या नंबरानेच लिहिलेले असतात. फ्रेमच्या आधी एक बाइट जरी वाढला तरी ते सगळे पत्ते चुकतात.

म्हणून नियम: जितके बाइट काढले तितकेच तिथे बसवायचे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

याच कारणासाठी अशा फाइलला टेक्स्ट एडिटर लावू नका. बरेच एडिटर अख्खी फाइल मेमरीत घ्यायला बघतात आणि फोन मान टाकतो. काही एडिटर सेव्ह करताना शेवटी गुपचूप एक नवी ओळ जोडतात. 'सेड' ही कमांड शोधून बदलण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तिची "जागेवर बदल"वाली सोय नावापुरतीच: आतून ती पूर्ण नवी फाइल लिहिते आणि मग जुनीच्या जागी ठेवते. म्हणजे पुन्हा ३.८७ जीबी मोकळी जागा हवी. आपल्याकडे आहे ९०० एमबी.

तयारी

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप लागेल, ते एफ-ड्रॉइडवरून घ्या. उघडून 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही कमांड द्या आणि विचारलेली परवानगी द्या. मग स्टोरेज फोल्डरमधल्या डीसीआयएममध्ये कॅमेऱ्याचं फोल्डर सापडेल, सीडी कमांडने तिथे जा. आयफोनवर टर्मक्स नाही, पण त्यावरची फाइल लिनक्स किंवा मॅकवर नेलीत तर पुढचं सगळं तत्त्व तेच.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीत, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तिथे अक्षरं स्मॉल. फाइलचं नाव 'आजी.एमपी४' आहे असं धरू.

आणि पहिल्यांदा करत असाल तर आधी ५ सेकंदांचा एखादा फालतू व्हिडिओ काढा आणि त्यावर हात साफ करा. खऱ्या फाइलवर थेट प्रयोग नको.

पायरी १: पत्ता शोधा

ग्रेप -ए -बी -ओ टीकेएचडी आजी.एमपी४

'-ए' म्हणजे बायनरी फाइल असली तरी टेक्स्टसारखी शोध. '-बी' म्हणजे कितव्या बाइटला सापडलं ते सांग. '-ओ' म्हणजे फक्त सापडलेला शब्द दाखव. हा '-ओ' विसरलात तर '-बी' शब्दाचा पत्ता न देता ओळीच्या सुरुवातीचा पत्ता देतो, आणि बायनरी फाइलमध्ये "ओळ" या शब्दाला काही अर्थच नसतो. कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' (सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये) जोडलंत तर ग्रेप युनिकोडच्या भानगडीत पडत नाही, हे अशा फाइलसाठी बरं.

सगळी फाइल वाचायची असल्यामुळे थोडा वेळ लागेल. मग असं काहीतरी येईल:

२१५०३७७८४१:टीकेएचडी
३८७१२०४६५२:टीकेएचडी
३८७१८६२३१०:टीकेएचडी

ट्रॅक दोन, मग उत्तरं तीन कशी? हा प्रश्न पडायलाच हवा. ४ बाइटच्या शब्दाच्या एकूण शक्यता आहेत ४२९ कोटींच्या आसपास. आपल्या फाइलमध्ये जागा आहेत ३८७ कोटी. आणि कॉम्प्रेस केलेलं चित्र बाइटच्या पातळीवर जवळजवळ फासे टाकल्यासारखं दिसतं. म्हणजे एवढ्या मोठ्या फाइलमध्ये 'टीकेएचडी' ही चार अक्षरं निव्वळ योगायोगाने एखाद्या ठिकाणी जुळून येणं अगदी स्वाभाविक आहे. छोट्या फाइलवर सराव करताना हे कधी दिसणार नाही, मोठ्या फाइलवर मात्र फसाल. पहिलं उत्तर फाइलच्या मध्यावर आहे आणि बाकीची दोन अगदी शेवटी, तेव्हा पहिल्यावर संशय घ्यायला जागा आहे. पण नुसत्या संशयावर बाइट बदलायचे नसतात. आत डोकावून बघू.

पायरी २: आत काय आहे ते बघा

डब्याची लांबी नावाच्या ४ बाइट आधी असते, म्हणून सापडलेल्या पत्त्यातून ४ वजा करा: ३८७१२०४६४८. तिथून ९२ बाइट बघायचे:

ओडी -व्ही -ए डी -टी एक्स१ -जे ३८७१२०४६४८ -एन ९२ आजी.एमपी४

इथे 'ए' आणि 'एन' कॅपिटल. '-ए डी' म्हणजे डावीकडे पत्ते दशमानात दाखव, '-टी एक्स१' म्हणजे एक-एक बाइट हेक्समध्ये दाखव, '-जे' म्हणजे इतके बाइट सोडून पुढे जा, '-एन' म्हणजे इतकेच दाखव. ओडी मधले बाइट वाचत बसत नाही, थेट त्या जागी उडी मारतं, त्यामुळे उत्तर क्षणात येतं.

सहा ओळी दिसतील. महत्त्वाच्या चार अशा:

३८७१२०४६४८  ०० ०० ०० ५सी ७४ ६बी ६८ ६४ …
३८७१२०४६९६  ०० ०१ ०० ०० ०० ०० ०० ०० …
३८७१२०४७१२  ०० ०१ ०० ०० ०० ०० ०० ०० …
३८७१२०४७२८  ४० ०० ०० ०० ०७ ८० ०० ०० ०४ ३८ ०० ००

पहिल्या ओळीतलं ५सी म्हणजे दशमानात ९२, डब्याची लांबी. पुढचे चार बाइट म्हणजे 'टीकेएचडी' ही अक्षरं. हा खऱ्या डब्याचा शिक्का. २१५०३७७८४१ वाल्या ठिकाणी हेच करून बघा, तिथे नावाआधी ०० ०० ०० ५सी नसेल, काहीतरी अचरट आकडा असेल. तो योगायोग होता, सोडून द्या.

शेवटच्या ओळीत ०७ ८० म्हणजे १९२० आणि ०४ ३८ म्हणजे १०८०. रुंदी आणि उंची. म्हणजे हा व्हिडिओचा ट्रॅक. तिसऱ्या पत्त्यावर बघितलं तर तिथे रुंदी-उंचीच्या जागी शून्यं असतील, कारण आवाजाला रुंदी नसते. त्याला हात लावायचा नाही.

आता मधल्या दोन ओळी बघा. ओडी एका ओळीत १६ बाइट दाखवतं, आणि योगायोग असा की मॅट्रिक्सचा पहिला आकडा बरोबर चौथ्या ओळीच्या सुरुवातीला पडतो, पाचवा आकडा बरोबर पाचव्या ओळीच्या सुरुवातीला. दोन्हीकडे ०० ०१ ०० ००, म्हणजे १ आणि १: "आहे तसं दाखव". आपल्याला बदलायचे पत्तेही डावीकडे आयते लिहून मिळाले: ३८७१२०४६९६ आणि ३८७१२०४७१२. हिशोब करायची गरजच नाही.

कमांडमधला तो '-व्ही' का घातला? तो नसेल तर ओडी एकसारख्या ओळी पुन्हा छापत नाही, त्यांच्या जागी नुसतं एक फुलीचं चिन्ह टाकतं. आणि आपली चौथी आणि पाचवी ओळ हुबेहूब सारखी आहे! म्हणजे जी ओळ बघायचीय नेमकी तीच गायब. हे माहीत नसलं की माणूस पाचवा आकडा शोधत बसतो.

पहिल्या ओळीत ५सीच्या जागी ६८ दिसलं तर तो डबा १०४ बाइटचा, नव्या आवृत्तीचा आहे. त्यात वेळेचे आकडे लांब असल्यामुळे मॅट्रिक्स १२ बाइट पुढे सरकतो आणि ओळींची ही सोयीस्कर मांडणी मोडते. तेव्हा दोन्ही पत्त्यांत १२ मिळवा, आणि पुढे ९२ च्या जागी १०४ घ्या.

पायरी ३: ९२ बाइटचा बॅकअप

३.८७ जीबीची कॉपी ठेवायला जागा नाही म्हणून बॅकअप नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपण ज्या डब्याला हात लावणार आहोत तेवढाच बाजूला काढायचा:

डीडी आयएफ=आजी.एमपी४ ओएफ=जुने.बिन बीएस=१ स्किप=३८७१२०४६४८ काउंट=९२

डीडी ही फार जुनी युनिक्स कमांड आहे आणि तिची भाषाही जुन्या वळणाची: आयएफ म्हणजे कुठून वाचायचं, ओएफ म्हणजे कुठे लिहायचं, बीएस म्हणजे एका वेळी किती बाइट. 'स्किप' म्हणजे वाचायच्या फाइलमध्ये किती पुढे जायचं. जवळच 'सीक' नावाचा दुसरा पर्याय आहे, तो लिहायच्या फाइलमध्ये किती पुढे जायचं ते सांगतो. या दोघांची अदलाबदल करू नका. आणि आयएफ-ओएफची तर अजिबात नको.

आता 'एलएस -एल आजी.एमपी४' देऊन फाइलची साइज बाइटमध्ये कागदावर लिहून ठेवा. समजा ती आली ३८७२३९०१४४. नंतर लागेल.

पायरी ४: लिहा

प्रिंटएफ '\३७७\३७७' | डीडी ओएफ=आजी.एमपी४ बीएस=१ सीक=३८७१२०४६९६ कॉन्व्ह=नोट्रंक

प्रिंटएफ\ दोन बाइट तयार करतं. ३७७ हा आकडा अष्टमानात आहे, दशमानात तो २५५, आणि हेक्समध्ये एफएफ. हेक्समध्येही लिहिता येतं, पण काही शेलचं प्रिंटएफ ते ओळखत नाही. अष्टमान सगळीकडे चालतं, म्हणून मी तेच वापरतो. उभ्या रेषेने ते दोन बाइट डीडीकडे जातात आणि डीडी ते नेमक्या पत्त्यावर बसवतं.

एंटर मारण्याआधी तीन गोष्टी बोट ठेवून वाचा.

'कॉन्व्ह=नोट्रंक' आहे ना? 'नोट्रंक' म्हणजे कापू नकोस. हे दोन शब्द नसतील तर डीडी त्या पत्त्यापाशी फाइल कापतं, आपले दोन बाइट लिहितं आणि थांबतं. पुढचे जवळपास १२ लाख बाइट गेले. आकडा लहान वाटेल, पण त्यात फ्रेमचे सगळे पत्ते होते. चित्र आणि आवाज फाइलमध्ये शाबूत, पण कुठली फ्रेम कुठे सुरू होते हे कुणालाच माहीत नाही. प्लेअर फाइल उघडणारच नाही. आणि सीकही विसरलात तर ३.८७ जीबीच्या फाइलची होईल २ बाइटची फाइल. डीडी "खरंच करू का?" असं विचारत नाही, रिसायकल बिनमध्येही काही ठेवत नाही.

'बीएस=१' आहे ना? तो नसेल तर डीडी एका वेळी ५१२ बाइट धरतं, आणि सीकचा आकडा बाइटचा न राहता ५१२ बाइटच्या ठोकळ्यांचा होतो. म्हणजे ते तुमच्या पत्त्याच्या ५१२ पट पुढे जाऊन लिहायला बघेल. एकतर एरर येईल, किंवा फाइलची साइज अचानक जवळपास २ टीबी दिसायला लागेल.

तिसरं, पत्त्याचे दहाही अंक. टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा.

सगळं ठीक असेल तर एंटर. '२+० रेकॉर्ड्स इन, २+० रेकॉर्ड्स आउट' असं उत्तर येईल, म्हणजे दोन बाइट आले आणि दोन लिहिले गेले. मग हीच कमांड सीक=३८७१२०४७१२ ठेवून पुन्हा. दोन्ही मिळून सेकंदभराचंही काम नाही. आतून फोन साधारण ४ केबीचा एखादा ब्लॉक नव्याने लिहितो, बाकी ३.८७ जीबीला धक्काही लागत नाही.

पायरी ५: प्लेअर उघडण्याआधी तपासा

'एलएस -एल' पुन्हा द्या. साइज ३८७२३९०१४४ च यायला हवी. मग पायरी ३ ची कमांड पुन्हा द्या, फक्त ओएफ=नवे.बिन करून. (जुने.बिनच ठेवलंत तर तुमचा बॅकअप तिथेच संपला!) आता दोघांची तुलना:

सीएमपी -एल जुने.बिन नवे.बिन

४९ ० ३७७
५० १ ३७७
६५ ० ३७७
६६ १ ३७७

पहिला आकडा बाइटचा क्रमांक, मग जुनी किंमत, मग नवी. सीएमपी किमती अष्टमानातच दाखवतं, म्हणून आपले ३७७ जसेच्या तसे दिसतात. बरोबर चार ओळी आल्या तर ठरल्याप्रमाणे चारच बाइट बदलले. पाच आल्या तर काहीतरी चुकलंय. मग जुने.बिन परत जागेवर ठेवा:

डीडी आयएफ=जुने.बिन ओएफ=आजी.एमपी४ बीएस=१ सीक=३८७१२०४६४८ कॉन्व्ह=नोट्रंक

आता व्हिडिओ लावा. गॅलरीतला छोटा फोटो कदाचित अजून उलटाच दिसेल, कारण तो आधीच बनवून ठेवलेला असतो. त्यावर जाऊ नका, व्हिडिओ चालवून बघा. त्या दिवशी मैत्रिणीने तो व्हिडिओ आजीला दाखवला तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता की मग जेवायच्या आधी उलटा का दाखवलात!

व्हिडिओ आडवा पडला असेल तर?

उलटा नसून ९० अंशांत आडवा पडलेला असेल तर पहिला आणि पाचवा आकडा शून्य करायचा, आणि दुसऱ्या व चौथ्या आकड्यात किमती टाकायच्या. दुसरा आकडा १ आणि चौथा उणे १ केला की चित्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश फिरतं. उलट दिशेने हवं असेल तर दोघांची अदलाबदल. आपल्या उदाहरणात दुसऱ्या आकड्याचा पत्ता ३८७१२०४७०० आणि चौथ्याचा ३८७१२०४७०८. लिहायची पद्धत तीच, फक्त शून्यासाठी प्रिंटएफमध्ये '\०००\०००' आणि १ साठी '\०००\००१'.

फोनमध्ये भरपूर जागा असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. एफएफएमपेगच्या कॉपी मोडमध्ये एन्कोडिंग न करता, फक्त टीप बदललेली नवी फाइल मिळते आणि मूळ फाइल सुरक्षित राहते. बाइट हाताने बदलणं तेव्हा, जेव्हा दुसरी फाइल ठेवायला जागाच नाही. आणि नोट्रंक विसरून फाइल कापली गेलीच असेल, तर तिच्यावर पुढे काहीही न लिहिता अनट्रंक नावाचं ओपन सोर्स साधन बघा. त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये काढलेला एखादा चांगला व्हिडिओ दिला तर त्यावरून ते तुटलेल्या फाइलचे पत्ते पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. दर वेळी जमेलच असं नाही.

कुठे चालणार नाही, आणि कुठे करू नये

एमपी४च्या या डब्यावर कुठलाही चेकसम नसतो, म्हणून आपला बदल खपून गेला. सगळ्या फाइल अशा साध्या-भोळ्या नसतात. पीएनजी फोटोत प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. आतला एक बाइट बदलला की तो जुळत नाही. झिपचंही तसंच. एपीके फाइलवर तर डिजिटल सही असते, त्यामुळे एखाद्या गेमच्या एपीकेमधला एक बाइट बदलून "अनलिमिटेड कॉइन्स" मिळतील असं वाटत असेल तर अँड्रॉइड ती फाइल इन्स्टॉलच करणार नाही.

आणि एक महत्त्वाचं. व्हिडिओ अपघाताचा असेल, मारामारीचा असेल, पोलिसांना किंवा कोर्टात द्यावा लागेल असा कुठलाही असेल, तर तो उलटा असला तरी उलटाच राहू द्या. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळी येते, आणि मग "फक्त सरळ केला हो" हे समोरच्या वकिलाला पटवून देणं तुमच्यावर येतं. अशा वेळी मूळ फाइल तशीच ठेवा, कॉम्प्युटरवर तिची कॉपी काढा, आणि हे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा.